जाड ऑइल आणि माझा गुरुवार

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, तू गुरुवारीच का गाडी काढतेस? आजोबांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना एकटं सोडता येत नाही, आणि त्यांच्याजवळ बसायला येणाऱ्या बाईंना गुरुवारच जमतो. दहा ते चार. तेवढ्यात मी मैंदर्गीला माझ्या धाकट्या बहिणीकडे जाऊन येते. बाकीचे सहा दिवस माझी मजल फाटकापर्यंत, भाजीची गाडी आली तर.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर इंजिन ऑइल बदलायचं झालं. गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी पेन्सिल घेऊन वाचली होती. तिच्यात पातळ ऑइल सांगितलं होतं, झिरो डब्ल्यू ट्वेंटी. नव्या इंजिनांत फटी बारीक असतात, जाड ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही. शेजारच्या तापमानाच्या तक्त्यात चाळीस अंशांच्या पुढेही तेच होतं. त्या पानावर खूण घालून मी गुरुवारी जाताजाता नेहमीच्या गॅरेजवर थांबले.

मेकॅनिकने पान पाहिलं. मग पातळ ऑइलचा एक थेंब अंगठ्यात आणि बोटात चोळून मला दाखवला.

"काकू, हे पाणी हाय. पुस्तक लिवणाऱ्यानं आपला मे महिना बघितलाय का?"

"तक्ता बघा ना."

"बघितला की. थांबा, साहेबांना इचारतो."

गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी. तरी फोन आजोबांना गेला. त्यांनी आपल्या जुन्या गाडीत वर्षानुवर्षं ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी घातलं होतं, काकवीसारखं जाड. "तेच घाला," ते म्हणाले. "तिचं ऐकू नका, ती गाडीचं पुस्तकही कादंबरीसारखं वाचते."

मेकॅनिक हसला. मीही हसले. पावणेअकरा वाजले होते, आणि वाद घालत बसले असते तर मैंदर्गीची फेरी बुडाली असती. जाड ऑइल पडलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी गाडी सुरू केली तर इंजिन टकटक करू लागलं. पोर्चमध्ये खुर्चीत बसलेल्या आजोबांना ते ऐकू गेलंच.

"ऐकलंस? इंजिन गेलं. तुला झेपत नाही ही गाडी. आता विकूनच टाकू."

फोन करून त्यांनी गिऱ्हाईक ठरवलंसुद्धा. दहा दिवसांनी, रविवारी, एक गृहस्थ गाडी बघायला येणार होते. गाडी गेली की माझा गुरुवार गेला. अक्कलकोटला एसटी बदलून चारच्या आत परतणं या वयात मला जमणार नव्हतं.

ऑइल चुकलं म्हणावं, तर यांचं चुकलं असं तोंडावर म्हणणं आलं. आजारपणानंतर घरातल्या तीनचार गोष्टीच त्यांच्या हुकमाने चालतात. त्यातली एक काढून घ्यायला माझी जीभ रेटेना.

मधल्या गुरुवारी मी अक्कलकोट रोडवरच्या एका अनोळखी गॅरेजमध्ये गाडी घातली आणि तिथून बहिणीला कळवलं.

"आज येत नाही. ऑइल बदलतेय."

"अक्का, त्यासाठी मला सोडलंस व्हय? इथं भाकरी थापून बसलीय मी."

तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि ऑइल भरायच्या झाकणावर बोट ठेवलं. "कुठलं घालायचं ते हितंच लिवलंय की, काकू." खरंच, झाकणावर तोच आकडा कोरलेला होता. पुस्तिका मी पान न् पान वाचली, पण ते झाकण कधी पाहिलं नव्हतं. जाड ऑइल निघालं, पातळ पडलं.

रविवारी गृहस्थ आले. आजोबांनी मला गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं, टकटक नाही. आजोबा मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिले.

"बघा," ते गृहस्थांना म्हणाले, "जाड ऑइल मुरायला वेळ लागतो. आता कशाला विकायची?" मग माझ्याकडे वळले. "मी सांगितलं होतं की नाही?"

"हो," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढचं ऑइल दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी फोन पुन्हा आजोबांना जाईल आणि नेहमीच्या गॅरेजवर मी जाड ऑइल भरून घेईन. त्यानंतरचा गुरुवार ते काढून टाकण्यात जाईल. त्या आठवड्यात भाकरी थापू नकोस, असं बहिणीला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे.