बाकावरची गैरहजेरी

अपिलाच्या निकालाची नक्कल घ्यायला आज पुन्हा त्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांच्या दालनाबाहेरचा लाकडी बाक बसणाऱ्यांनी घासून घासून गुळगुळीत केलाय. रंग उरलाय तो फक्त बाकाच्या पायांना.

माझी वहिनी अंगणवाडी सेविका. तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन ती दवाखान्यात धावली आणि नेमकी तेव्हाच तपासणी आली. दाराला कुलूप दिसलं म्हणून तिला कामावरून काढलं. त्याविरुद्ध हे अपील. सुनावणीच्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं याच बाकावर बसून होतो. शिपायानं नाव पुकारलं की आत जायचं, अशी तिथली रीत. विचारलं की तो म्हणायचा, "बोलावतील." शेवटी पाच वाजता म्हणाला, "ताई, पाय आत घ्या, साहेब निघालेत." वहिनीनं घाईघाईनं पाय आत घेतले. साहेब गेले.

निकालात लिहिलंय, 'तीन वेळा पुकारा करूनही अपीलकर्ती गैरहजर. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.'

तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं बसून बसून लाकूड झिजलं, तरी यांना बाहेर कुणी दिसत नाही? दिसायला अजून किती झिजायचं माणसानं?

घरी वहिनीनं तो कागद दोनदा वाचला.

"भावजी, मी तिथं नव्हतेच," ती म्हणाली, "तर साहेबांना वाट द्यायला पाय कुणी आत घेतले?"