लोसेली गप्प बसली

आमच्या वावाऊ बेटावर विणणारी बाई स्वतःच्याच चटईला नावं ठेवते आणि भाव मुद्दाम पाडून सांगते. घेणारीने "भलतंच काय!" म्हणत तो वाढवायचा. लोसेलीला हे लहानपणापासून ठाऊक. पण बाईसाहेब राजधानीला जाऊन घासाघिशीचं प्रशिक्षण घेऊन आल्या, आणि तेव्हापासून साध्या नारळवाल्याने भाव सांगितला तरी त्याच्याकडे टक लावून बघू लागल्या.

तिचं दुकान चटयांचं. परदेशातले आमचे लोक लग्नाला, मयताला तिच्याकडून चटया मागवतात. परवा ती आतेलाइते मावशीकडे गेली. मावशी तिच्या आईची चुलत बहीण, गावातली सगळ्यात नामी विणकरीण. केवड्याच्या पानांची मऊसूत चटई तिने उलगडली. वर्ष घातलं होतं तिने त्यात.

"कसली मेली चटई! डुकरांखाली अंथरायच्या लायकीची. तीनशे पाअंगा दे, पुष्कळ झाले."

लोसेली आठशे द्यायचं ठरवून आली होती. पण तिला धडा आठवला: समोरच्याने आकडा सांगितला की तोंड उघडायचं नाही. ती गप्प बसली.

मावशी हसली, वाट बघत राहिली. मग चटई डोळ्यांजवळ नेऊन काठावरून बोट फिरवू लागली.

"बरं, अडीचशे दे," ती हळूच म्हणाली.

लोसेलीने तेवढेच दिले. वर मला येऊन सांगते, "एक शब्द बोलले नाही, बघ!"

"सख्ख्यासारख्या मावशीला लुबाडलंस की गं!" मी म्हणाले. ती हसली, पण तिचा चेहरा उतरला. त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. दुकानात टांगलेल्या त्या चटईकडे तिला बघवेना, आणि गिऱ्हाइकाला ती विकवेना.

शनिवारी मला सोबत घेऊन ती उरलेले पैसे द्यायला गेली.

"मावशी, चुकलं माझं. तुझ्यासारखं कुणी विणत नाही. हे घे."

मावशीने पैशांना हात लावला नाही. "माझी कीव करू नकोस, पोरी. त्या दिवशी तू गप्प बसलीस तेच खरं. डोळे गेलेत माझे, हात बिघडलाय. गावात सगळ्या तोंडदेखलं कौतुक करत होत्या."

"अगं, मी ते मुद्दाम केलं! भाव पाडायला!"

"तू? माझ्याशी? काहीतरीच." मावशी आत गेली आणि विणायला चिरून, वाळवून ठेवलेल्या पानांच्या गुंडाळ्या आणून तिने लोसेलीच्या मांडीवर ठेवल्या. "हात चांगला असेल अशा कुणाला तरी दे."

लोसेली ढसाढसा रडू लागली. आणि मावशी तिच्याच पाठीवरून हात फिरवत तिची समजूत काढत बसली.