धुतलेलं पाणी

माझी मावसबहीण शिरपूरजवळच्या एका खेड्यात झिंगे पाळायची. मी तिला अक्का म्हणतो. शेततळं तिच्या नवऱ्याने खोदलं होतं. तो गेल्यावर जमीन दिराच्या नावावर राहिली आणि तळं अक्काच्या हातात, तेही एका बोलीवर. दीर चार लोकांत म्हणाला होता की यंदा झिंगे नीट निघाले तर तळं वहिनीचं, नाहीतर बुजवून तिथे कापूस.

झिंगेपालनाच्या प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं की झिंग्यांना रोग होऊ नये म्हणून पाण्यात जंतू मारायचे नाहीत, उलट सोडायचे. चांगल्या जंतूंनी जागा आणि खाणं अडवलं की रोगाच्या जंतूंना शिरकाव मिळत नाही. बरोबरच्या पुरुषांना हे थोतांड वाटलं. अक्का म्हणाली, हे तर विरजण. त्या जंतूंची पाकिटातली पूड गूळ आणि कोंड्यात कालवून ती पिंपात झाकून ठेवायची आणि आंबूस वास सुटला की तळ्यात ओतायची. पाणी चहाच्या रंगाचं झालं, झिंगे टणक. गल्लीतल्या बाया दह्याचं विरजणही तिच्याकडूनच न्यायच्या.

मग दिराला तळ्याचं जलपूजन करावंसं वाटलं. पाणी भरून बरेच महिने झाले होते, पण आपल्याकडे पाण्यापेक्षा प्रमुख पाहुण्यांची वाट जास्त पाहावी लागते. मला अमळनेरहून बोलावलं ते मानपत्र लिहायला. मी कॉलेजात मराठी शिकवली आहे आणि विशेषणं मला फुकट पडतात असा नातेवाइकांचा समज आहे. मानपत्र दिराचं होतं. मी अक्कावर एक ओळ घातली, ती त्याने लांबते म्हणून काढली. त्याच्या नावामागची बिरुदं त्या ओळीपेक्षा लांब होती.

समारंभाला पोचलो तेव्हा तळ्याचा तळ दिसत होता. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लिचिंग पावडर आदल्या दिवशी त्याने तळ्यात टाकली होती.

"दख भाऊ, पानी कसं काच शे," तो मला म्हणाला. पाहुणे ओंजळीत पाणी घेणार होते, फोटो निघणार होता.

अक्का पंपाच्या खोलीमागे उभी होती. पूजा सवाष्णींची, विधवेने पुढे यायचं नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. मी पावडरचं बोललो.

"यासनी पानीच धुई टाकं," ती म्हणाली.

मी दिराला गाठून सांगितलं की या पावडरने चांगले जंतूही मेले असतील. तो हसला.

"जंतू काय नातेवाईक शेतस का, भाऊ? मरू दे."

पाहुणे उशिरा आले, ओंजळ भरून हसले आणि स्वच्छतेवर पुष्कळ बोलले.

रिकाम्या झालेल्या पाण्यात आधी परतले ते रोगाचे जंतू. झिंग्यांच्या कवचावर काळे डाग पडले, मिशा झडल्या. अक्काने पिंपं भरभरून ओतली, पण उशीर झाला होता. मेलेले झिंगे काठाला लागले आणि बगळ्यांची पंगत बसली. पावडरचं नाव गावात कोणी घेतलं नाही. जावेने मात्र ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नवरा खादा, आते झिंगा बी खादात."

दिराने शब्द पाळला. तळं बुजवलं, आणि त्यातलं अस्तराचं प्लास्टिक आता त्याच्या कापसाच्या ढिगावर असतं. पाहुण्यांच्या नावाची कोनशिला तेवढी कपाशीत उभी आहे. गल्लीतल्या बायांनी अक्काकडून विरजण नेणं बंद केलं. त्या शिरपूरहून दह्याची पाकिटं मागवतात.

परवा गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे दह्याची वाटी ठेवली. घट्ट, गोड.

"खाशी ना?" तिने विचारलं. आजवर कधी विचारलं नव्हतं.

मी दोनदा मागून घेतलं. तरी पातेलं अर्धंअधिक भरलेलंच होतं. उरलेलं तिने म्हशीच्या घमेल्यात ओतलं. म्हैस दिराची आहे, पण तिने तोंड घातलं.