मास्तरांचे दोनशे किलोमीटर

"पाय सुम्ने बसत नाही हो, टीचर. अष्टे."

मास्तरांना कशाचंही कारण विचारा, उत्तर हेच. सुम्ने म्हणजे गप्प आणि अष्टे म्हणजे एवढंच. आम्हा म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत असे कन्नड शब्द मराठीइतकेच घरचे झालेले आहेत.

आणि त्यांचा पाय खरोखरच बसत नसे. पाटावर मांडी घालून जेवायला बसले तरी उजव्या पायाचा पंजा वरखाली चाललेला. विठ्ठलाच्या देवळात सगळे डोळे मिटून उभे राहिले, की फरशीवर एकच पाऊल टपटप करायचं. आमच्या गल्लीत एकदा कुणी वारलं म्हणून भेटायला गेलो, तर तिथल्या सतरंजीची कड त्यांच्या पंजाखाली उडायला लागली. घरातली मंडळी रडायची थांबून तिकडे बघू लागली. मीच त्यांना कोपराने ढोसलं.

मास्तर म्हणजे शिवणारे, शिकवणारी मी. मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे. त्यांचं दुकान आणि घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. वीस वर्षं माझी पोलकी त्यांनी शिवली आणि वीस वर्षं आम्ही बाहीच्या लांबीवरून भांडलो. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. जवळची म्हणावीत तर नात्यातली नाहीत, आणि परकी म्हणायची आपली छाती होत नाही.

"चाळीस वर्षं पाय मारतोय मी मशीनवर," ते एकदा म्हणाले. "गणित करा तुम्ही. किती मैल झाले असतील? आणि पोचलो कुठं? बसलो होतो तिथंच की!" असं म्हणून ते हसले, पण ते हसणं अर्ध्यातच विझलं. मला उगाचच वाईट वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरात ते माझ्या दारात उभे राहिले. एका दिवसात सायकलवरून दोनशे किलोमीटर जायचं होतं त्यांना. उजाडायच्या आत निघायचं आणि दिवेलागणीला घरी. वय सत्तावन्न. सायकल काळी, जुनी, मागच्या कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे वाहून वाहून तो एका बाजूला कललेला.

"कशाला पण?" मी विचारलं.

"एकदा कुठंतरी जाऊन यायचंय."

मी कागद-पेन्सिल घेतली. हुणसूर रस्त्याने बैलकुप्पे, तिबेटी लोकांची वस्ती आहे तिथपर्यंत, आणि परत: एकशेपासष्ट. मग घरावरून पुढे टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागायचं आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरायचं: पस्तीस. मास्तरांनी कागदाची घडी करून ती मापाच्या वहीत ठेवली आणि रोज सकाळी बन्नीमंटपाच्या मैदानाभोवती चकरा मारायला सुरुवात केली.

अडचण एकच होती आणि ती आमच्या मास्तरांनाच यावी अशी होती. त्यांच्या वडिलांचा नेम: एकादशीला कापडात सुई टोचायची नाही. त्या दिवशी मशीनवर चादर आणि दुकान बंद. वर्षभरात दुसरी सुट्टी ठाऊक नाही, कारण रविवारी तर नोकरदार माणसं कपडे घालून बघायला येणार. म्हणजे मोकळा दिवस एकादशीचा, आणि एकादशीला कडक उपवास. शेंगदाणे आणि दोन केळी एवढ्यावर हा माणूस दोनशे किलोमीटर जाणार!

"द्वादशीला जा ना, पोटभर जेवून," मी म्हटलं.

"द्वादशीला दुकान उघडलं नाही तर गल्लीतले लोक हार घेऊन येतील, टीचर."

पहिल्या खेपेला हुणसूरच्या अलीकडेच त्यांना घेरी आली. तंबाखूच्या लॉरीतून, गठ्ठ्यांवर बसून, सायकल मांडीवर धरून ते परत आले आणि दोन दिवस दुकानाला तंबाखूचा वास येत होता. दुसऱ्या खेपेला मात्र बैलकुप्पे गाठलं. तिथे एका म्हाताऱ्या तिबेटी बाईने त्यांचा चेहरा बघून वाफाळत्या सुपाचा वाडगा पुढे केला. ह्यांनी हात जोडले आणि आज एकादशी आहे असं तिला मराठी, कन्नड आणि खुणा अशा तिन्ही भाषांत समजावलं. तिला बिचारीला काय कळणार? परत फिरून थोडं पुढे आल्यावर पाय कापायला लागले, तेव्हा सायकल बसच्या टपावर टाकून घरी आले.

"पाय होते," दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पोट नव्हतं."

मग गुडघा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्टोबरपर्यंत काय ती चालवा, पुढे सायकलला हात लावायचा नाही. मास्तर बेचैन झाले. शिवण अर्धी टाकून उठायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, हुणसूरकडे जाणाऱ्या बसेस बघून परत यायचे. माझ्या त्या वेळच्या पोलक्याच्या दोन बाह्या दोन मापांच्या झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यावरून भांडले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी ही शेवटची संधी होती. आदल्या संध्याकाळी मी सोनं द्यायला गेले, तेव्हा काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चपात्या लाटत होत्या. सायकलच्या हँडलला आयुधपूजेची झेंडूची माळ तशीच होती.

"ह्या उद्याच्या," काकू चपात्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बटाट्याची भाजीपण देणार."

मास्तर चमकले. "उद्या एकादशी आहे."

"तुमची एकादशी माझ्याकडं द्या. दोन्ही मीच धरते. माझी नेहमीची, आणि तुमच्या वाटणीची निर्जळी. तुम्ही दोनशे करून दारात उतरा, मग मी पाणी पिते. विठ्ठलाला मी सांगते काय ते."

"अय्यो, असं कुठं असतंय काय?"

"आजपासून असतंय."

मास्तर कितीतरी वेळ माळेतलं एक फूल उगाचच सरळ करत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते माझ्या फाटकासमोरून हुणसूरच्या दिशेने गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी दुपारी काकूंकडे जाऊन बसले. ऑक्टोबरचं ऊन होतं. एक वाजेपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलत होत्या. दोनला त्यांचे ओठ पांढरे पडले. तीनला त्या भिंतीला टेकल्या आणि मी जे विचारीन त्याला नुसती मान हलवू लागल्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. गोळी सकाळपासून तशीच डबीत होती. मी पाण्याचा तांब्या तीनदा पुढे केला. तिन्ही वेळा त्यांनी तो हाताने सरकवला. मला रागही आला आणि भीतीही वाटली.

चारच्या सुमाराला मास्तर आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पण चेहरा असा उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. माझ्या कागदाप्रमाणे ते फक्त वळसा घेऊन नरसीपूर रस्त्याला लागायचे होते. सायकलवरून न उतरताच, एक पाय जमिनीवर टेकवून ते हसत म्हणाले, "काय म्हणतेय आमची एकाद..."

मग त्यांना काकू दिसल्या.

त्यांनी रस्त्याकडे एकदा बघितलं. अजून दोन तास उजेड होता आणि पायांत दम होता, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मग त्यांनी सायकल भिंतीला लावली, आत आले आणि तांब्या उचलला.

"पी," ते म्हणाले. "झाले."

काकूंनी डोळे उघडले. "दोनशे?"

"दोनशे. नरसीपूरचं आधीच करून मग बैलकुप्प्याला गेलो. थंड वेळ होती." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टीचरना विचार. त्यांचंच गणित आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही बेरीज जाणूनबुजून चुकवली नव्हती.

"झाले," मी म्हटलं. "बरोबर दोनशे."

काकू तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायल्या. मास्तर पाठ वळवून सायकलची माळ काढत बसले.

देवळाच्या मंडळींनी शाल-नारळ द्यायचं ठरवलं, तेव्हा मास्तर ताप आल्याचं सांगून घरात पडून राहिले. दिवाळीआधी मी त्यांना हळूच म्हटलं, "उरलेले पस्तीस एखाद्या सकाळी करून टाका की."

"जोड दिलेलं कापड मला लगेच कळतंय, टीचर. एका दिवसाचं ते एका दिवसाचं." दिवाळीनंतर त्यांनी सायकल एका दूधवाल्याला देऊन टाकली. बायकोसमोर मात्र त्या पस्तीस किलोमीटरांचा शब्द त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

चार वर्षांनी मास्तर गेले.

त्यानंतरच्या एका दुपारी काकू माझ्याकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खरे किती झालेले, टीचर?"

मला वाटलं, आता तरी खरं सांगायला हवं. आता कुणाचं काय बिघडणार होतं?

"एकशेपासष्ट."

काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तुमच्यासाठीच थांबले हो ते. तुमची अवस्था बघवली नाही त्यांना."

"ते ठाऊक आहे की मला." त्या वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मी घाबरावं इतका राग होता. "पण तुम्ही होता ना तिथं? तुम्ही तरी सांगायचं होतंत. अजून दोन तास राहिले असते की मी."