कुणाशेजारी कोण

माझ्या सासूबाई सरकारी मेजवान्यांमध्ये लोकांना बसवायच्या. म्हणजे वाढायच्या नाहीत, दारात स्वागतालाही उभ्या राहायच्या नाहीत. कुणाच्या शेजारी कोण बसणार, एवढंच ठरवायच्या. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "सासू करते काय?" मी सांगितलं, तर म्हणाले, "आणि याचा पगार मिळतो?" मिळायचा की. सासूबाईंना ही गोष्ट कळली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

कामाची पद्धत त्यांची स्वतःची होती. ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्यावर टेबलांची चित्रं आली, पण आमच्या घरातला बटणांचा डबा काही जागचा हलला नाही. मेजवानी जवळ आली की रविवारी सकाळी पलंगावर पांढरी चादर ताणून घालायच्या आणि डबा उपडा करायच्या. कोटाची मोठी काळी बटणं मंत्र्यांची, पितळी उद्योगपतींची, शिंपल्याची परदेशी वकिलातीतल्या पाहुण्यांची. विरोधी पक्षनेत्याला माझ्या जुन्या ड्रेसचं लाल बटण मिळालं होतं. मी चुकून पलंगावर टेकले की म्हणायच्या, "ऊठ गं, अर्थमंत्र्यांवर बसलीस."

नवरा-बायकोला शेजारी बसवायचं नाही, हा पहिला नियम. ते घरी बसतातच, असं सासूबाईंचं म्हणणं. भांडलेल्यांना शेजारी बसवायचं नाही, हा दुसरा. या दुसऱ्या नियमानं त्यांचं अर्धं आयुष्य खाल्लं. बँकवाल्याचं पेपरवाल्याशी वाकडं, दोन मंत्र्यांचा छत्तीसचा आकडा, सिमेंटवाला तर कुणाचंच तोंड बघायला तयार नाही. चहा गार व्हायचा, पोळ्या मला एकटीला लाटाव्या लागायच्या आणि चादरीवर बटणं इकडून तिकडे फिरत राहायची.

एकाच माणसाचा त्रास नव्हता. बंदर समितीचे अध्यक्ष होते, म्हातारे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचं बटण लाकडी, कडेला टवका उडालेलं. खूप वर्षांपूर्वी ते सासूबाईंना म्हणाले होते, "बाई, मला अशा माणसाशेजारी बसवत जा, ज्याला माझ्याकडून काही नको आहे. जेवण तरी नीट जाईल." तेव्हापासून सासूबाई पाहुण्यांमधून तसा माणूस हुडकून काढायच्या. कधी व्हायोलिन वाजवणारा, कधी निवृत्त झालेला गुरांचा डॉक्टर. जाताना आबा लांबूनच मान हलवायचे. दोघांचं एवढंच बोलणं, पण सासूबाईंना ते बढतीपेक्षा मोठं वाटायचं.

मग एका रविवारी चहाला साय धरायच्या आत चादर लावून झाली. मी म्हटलं, "वा, आज सुटलात लवकर." त्या बटणांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होत्या.

"भांडणं संपली गं सगळ्यांची."

"मग चांगलंच आहे की."

"कशी संपली ते बघ ना." त्यांनी एकेका बटणावर बोट ठेवलं. या मंत्र्याचा मुलगा एका मोठ्या देशात शिकतो, फुकट. हा बँकवाला तिथे दर वर्षी भाषणाला जातो. सिमेंटवाल्याला यंत्रं तिथून आली. पेपरवाल्याच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन तिथेच झालं, बिल कुणी मागितलंच नाही. लाल बटण मागच्या महिन्यात तिथलाच पाहुणचार घेऊन आलं. "सगळ्यांचा यजमान एकच झालाय. आता आपापसात कशाला भांडतील?"

मी म्हटलं, तुम्ही फार विचार करता. खरं सांगायचं तर मला त्या वेळी देशाचं काही पडलेलं नव्हतं. नवरा घरी बसला होता. तो पुलांचा इंजिनियर, कंपनी बंद पडली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. रोज सकाळी शर्टाला इस्त्री करायचा, घालायचा आणि खुर्चीत बसायचा. घरातले सगळे गळके नळ त्याने दुरुस्त केले, मग न गळणारेही उघडून बसला. ते बघताना माझा जीव तुटायचा.

अशात आमच्याकडे हसरे यायला लागले. हे नाव मी ठेवलेलं. त्या मोठ्या देशाच्या वकिलातीत अधिकारी होते, आणि चेहऱ्यावरचं हसू झोपेतही उतरत नसावं. भाषा आपल्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. सासूबाईंना "आई" म्हणायचे. सासूबाईंचा गुडघा दुखतो हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे, पण येताना त्यांच्या देशातला गुडघ्याचा पट्टा घेऊन आले. माझ्या नवऱ्याशी पुलांवर तासभर बोलले. गेल्या वर्षभरात त्याच्याशी पुलांवर कुणी बोललं नव्हतं हो. निघताना म्हणाले, "बंदराचं काम आमच्याकडे येईलसं दिसतंय. आलं तर पुलाची माणसं लागतीलच." मी त्यांना चांगल्या कपातून दुसऱ्यांदा चहा दिला. त्या दिवसापासून नवरा शीळ घालायला लागला.

पुढच्या खेपेला ते सासूबाईंना म्हणाले, "आई, एक छोटीशी गोष्ट. परवाच्या मेजवानीत आमचे राजदूत आणि आबा शेजारी बसले तर बरं होईल. दोघांनाही बागेचं वेड आहे." नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजच नव्हती, माझा नवरा समोरच शर्ट घालून बसला होता.

बंदराच्या करारावर बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अडलं होतं फक्त आबांच्या सहीवर. नातवंडांच्या नातवंडांपर्यंत बंदर दुसऱ्याच्या हातात जाणार आणि आपल्याला करार नीट वाचायलाही देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या रविवारी सासूबाई लाकडी बटण मुठीत धरून दुपारपर्यंत बसल्या. मला राहवेना.

"त्यात काय एवढं? खुर्ची तर आहे."

"खुर्चीच आहे," त्या म्हणाल्या, आणि लाकडी बटण चादरीवर टेकवून राजदूतांचं शिंपल्याचं बटण त्याच्या शेजारी ठेवलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्वयंपाकघरात गेले. परत येऊन बघते तर ते बटण काढलेलं. तिथे दुसरं ठेवलं, काढलं. तिसरं ठेवलं, काढलं.

"कुणी सापडतच नाही गं. प्रत्येकाला आबांकडून काहीतरी हवंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्यालाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आपल्याला हवंय कारण आपली गरज आहे. ते मोठे लोक हौसेनं विकले गेले, आपण पोटासाठी मागतोय. काही फरक आहे की नाही?"

"आहे ना. पण हसऱ्यांना दोन्ही चालतं."

मी त्यांचा गार झालेला चहा उचलला आणि मोरीत ओतला.

मेजवानीत काय झालं ते मला वाढप्यांच्या मुकादमानं नंतर हसत हसत सांगितलं. आबांसारखा माणूस, पण त्यांची जागा शेवटच्या टेबलाच्या टोकाला. एका बाजूला भिंत. आणि दुसऱ्या बाजूला त्यांची बायको. म्हणजे सासूबाईंनी जन्मभर पाळलेला पहिलाच नियम धाब्यावर बसवला, तोही अख्ख्या सरकारच्या देखत. राजदूत बसले सिमेंटवाल्याशेजारी, जिथे त्यांना मिळवायचं काही उरलंच नव्हतं. ते म्हातारा-म्हातारी मात्र एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होते आणि हसत होते, मुकादम म्हणाला. मी घरी येऊन विचारलं, "म्हणजे आबांच्या बायकोला त्यांच्याकडून काही नको असतं?" सासूबाई म्हणाल्या, "हवं असतं की. लवकर घरी चला, एवढंच."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. सासूबाईंनी सरळ सांगितलं, चूक झाली, वय झालं माझं. त्यांना टेबलांवरून काढून खुर्च्यांच्या गोदामात बसवलं, निवृत्तीपर्यंत. हसऱ्यांचा फोन आला नाही, पुढे कधीच आला नाही. मी म्हटलं, तो गुडघ्याचा पट्टा आधी फेकून द्या. तर म्हणाल्या, "गुडघ्यानं काय घोडं मारलंय?" आणि रोज बांधत राहिल्या.

बंदर वाचलं का? नाही. आबांनी सही केली नाही, त्यांची मुदत संपली, त्यांच्या जागी नवा माणूस आला आणि त्यानं हसत हसत सही केली. आता आमच्या गच्चीतून त्या क्रेन दिसतात. नवऱ्याला लांबच्या गावात एका तंत्रशाळेत शिकवायची नोकरी मिळाली, शनिवारी घरी येतो. तो आईला एवढंच म्हणाला, "मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो," तो म्हणाला, आणि नळ उघडून बसला.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. काय मिळवलंत, असं मी त्यांना कितीतरी वेळा तोंडावर विचारलं. भांडी आपटली. कित्येक महिने आम्ही कामापुरतंच बोललो. त्या आपल्या खाली मान घालून बटणांच्या डब्याचं झाकण पुसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि कणवही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसनं एक घड्याळ दिलं. आबा आणि त्यांची बायको मात्र आमच्याकडे जेवायला आले. आमचं टेबल केवढं, चार खुर्च्या आणि एक स्टूल. साऱ्या देशाला बसवणारी बाई स्वतःच्या घरात गोंधळून उभी होती. शेवटी आबांना आणि त्यांच्या बायकोला शेजारी बसवलं, आपल्या मुलाला स्टुलावर, आणि मग स्वतःच्या शेजारची खुर्ची थोपटून मला म्हणाल्या, "तू इथे."

"तुमच्याशेजारी?" मी म्हटलं. "आपलं भांडण आहे. दुसरा नियम."

"बस गं. आता तुला माझ्याकडून काही नको ना?"

"हवं होतं. तुमच्या मुलाची नोकरी."

"ती तर गेली."

"गेली," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले.