सेहेचाळीस

सदर इसमाचे वय छप्पन्न, बांधा किरकोळ, दृष्टी अधू, पूर्ववर्तन निष्कलंक. हुद्दा : वर्तमानपत्राच्या कचेरीत टंकलेखक. ठळक खूण : उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. कार्यक्षमता वादातीत. त्याच्या घरातला मोरीचा नळ तीन वर्षं गळत होता.

कचेरीत त्याला बिनचूक म्हणत, तेही तोंडावर. चोरून बाहेर आलेला प्रत्येक सरकारी कागद आधी त्याच्या बिनखिडकीच्या खोलीत यायचा. तो त्याची हुबेहूब नक्कल टाइप करायचा आणि मूळ कागद पत्र्याच्या डब्यात जाळायचा. घडी, डाग, टाचणीचं भोक, कशावरूनही माणूस सापडता कामा नये. कागद देणाऱ्यांना इथे नावं नव्हती, नाती होती : मेहुणा, धाकटी जाऊ, आत्या.

"सख्ख्या आत्यानं जन्मात पोस्टकार्ड टाकलं नाही," एकदा संपादक एक कागद त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "आणि ही बघा!"

सरकारी दवाखान्यांत खराब सलाईनने दगावलेल्यांचा अहवाल होता. एकूण सेहेचाळीस.

"'चाळीसच्या वर' लिहू या. मोघम बरं असतं."

"कागदावर सेहेचाळीस आहे, साहेब. वरची सहा माणसं मोघम मेली का?"

संपादक ओशाळले. सेहेचाळीस छापून आलं.

तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात एक अधिकारी उभा राहिला. मागोमाग संपादक छाती काढून आले. "जीव गेला तरी आमच्या माणसाचं नाव सांगणार नाही!"

"नाव विचारतंय कोण?" अधिकारी खोलीभर नजर फिरवत म्हणाला. "अहवालाच्या सात प्रती सात टेबलांवर दिल्या होत्या. प्रत्येकीत आकडा वेगळा. सेहेचाळीस फक्त एका बाईंकडे. काल सकाळी अकराला उचललं त्यांना. दोन लहान मुलं आहेत म्हणे. मी नुसते आभार मानायला आलोय."

संपादक आधाराला खुर्ची शोधू लागले. बिनचूकने विचारलं, "मग खरा आकडा कुठल्या प्रतीत होता?"

"कुठल्याच नाही."

आत्याचं खरं नाव त्याला खटल्याच्या निकालात कळलं. ती बातमीही त्यानेच टाइप केली. शिक्षा नऊ वर्षांची होती.