आईच्या कानांची तपासणी

आमच्या घरात आधी तपासले गेले ते आईचे कान. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोलणं तिला ऐकू येईनासं झालं होतं. "काय म्हणालात?" असं ती सारखी विचारायची आणि दादा तोंड फिरवून बसायचे. त्यांना वाटायचं, ही बहिरी झाली. तिला वाटायचं, यांनी अबोला धरला.

दादा मूळचे चाळीसगावचे. नोकरी मात्र यावलच्या एसटी स्टँडवर, माइकवरून गाड्या पुकारायची. लहानपणी मी तिथल्या बाकावर डोळे मिटून बसायचे. त्यांनी गावाचं नाव घेतलं की ते गाव समोर तरंगत यायचं; केळीच्या बागा, ओली पायवाट, मागे सातपुड्याची निळी रेघ. त्या आवाजालाच काही झालं असेल, हे आमच्या मनातही आलं नाही.

दादा निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला राहायला आलो होतो. तिथल्या कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, तुमचे कान छान आहेत."

"मग हिला माझं ऐकू का येत नाही?" दादांनी विचारलं.

बाई पुढे झुकल्या. "काका, परत सांगा बरं."

दादांनी परत सांगितलं. शब्द धुक्यातल्या झाडांसारखे एकमेकांत मिसळून गेले. बाईंनी त्यांच्या हलत्या अंगठ्याकडे पाहिलं, न हलणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. निदान झालं, पार्किन्सन्स.

गोळ्या सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच बाईंकडे गेलो, कारण स्पीच थेरपीही त्याच देत. त्यांनी दादांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं.

"हा कोण कुजबुजतोय?" दादा म्हणाले.

"तुम्हीच, काका."

"मी तर ओरडून बोललो!"

"आतून तसंच वाटतं. या आजारात आपल्याच आवाजाचा अंदाज चुकतो. उगाच ओरडतोय असं वाटेल ना, तेवढं बोला. लोकांना ते नेहमीसारखं ऐकू येईल."

दादा आईकडे वळून म्हणाले, "मी तुझ्यावर उगाच चिडत होतो."

"मीपण," आई म्हणाली. हे मात्र तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.

मग रोज सकाळी आम्ही तिघं मेहरूणच्या तलावावर जायला लागलो. दादा छाती भरून श्वास घ्यायचे आणि लांबलचक 'आ' सोडायचे. आई बोटांवर सेकंद मोजायची. सुरुवातीला फिरायला आलेले लोक वळून बघत, दादा ओशाळत. मग 'पटक, पटक, पटक', ओठ आणि जीभ जागी करायला. पाण्यावर पांढरी वाफ असायची. आवाज तिच्यात शिरायचा आणि पलीकडचा बगळा उडायचा. त्या वेळी मी जागी आहे की झोपेत, तेच मला कळायचं नाही.

दोनेक महिन्यांनी दादांनी चाळीसगावला आत्याला फोन लावला. लाइन खराब आहे म्हणून ती नेहमी फोन ठेवून द्यायची.

"अक्का, ऐकू ई ऱ्हायनं का?" दादांनी अहिराणीत विचारलं.

पलीकडून ती रडतच म्हणाली, "बठ्ठं, शब्द न् शब्द ऐकू ई ऱ्हायनं, भाऊ. बोल!"

ते अर्धा तास बोलले.

आजार आहेच. संध्याकाळी दादांचा आवाज थकतो, काही दिवस तर सकाळीही उमटत नाही. तेव्हा आई खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेते आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसते.